तीन पैशांचं वजन

१

जिंकलेलं विमान वजनात कमी भरलं, आणि अंधेरीच्या त्या स्टुडिओत क्षणभर कोणी कोणाकडे बघेना.

वनमालाबाई कोठाऱ्यांनी तराजू थांबवला, पुसला, पुन्हा लावला. एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमचं तीन पैशांचं नाणं, दुसऱ्या बाजूला आकड्याला टांगलेलं अनंता वेसावकरचं विमान. नाण्याची बाजू खाली गेली ती वर येईना. नियमाप्रमाणे विमानाच्या बाजूला मोहरीच्या एका दाण्याची सूट होती. त्यांनी दाणा टाकला. मग दुसरा, तिसरा. सातव्या दाण्याला कुठे काटा सरळ झाला.

"एवढं कधीच कमी आलं नव्हतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"कमी आलं नाही, कमी केलं," अँथनी डिमेलो म्हणाला. त्याचं विमान दुसरं आलं होतं, आणि वरचेवर दुसरं येऊनही ते त्याच्या अंगवळणी पडलं नव्हतं. "सकाळी नाकाला मेण चिकटवून वजन दाखवायचं, मग हळूच खरवडून टाकायचं. ह्याला सरळ चोरी म्हणतात."

अनंता तराजूकडे बघत राहिला. वेसाव्याच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा हा चाळिशीचा गडी. बोटं राकट, नखांत काळं तेल. पण त्या बोटांनी केलेलं विमान इतकं हलकं असे की शेजारी कोणी खोकलं तर त्याची दिशा बदलायची.

सगळ्यांचे डोळे पंचाकडे वळले. पंच म्हणजे हर्बर्ट मिस्किटा, मरोळ गावठाणातले, गोदीतल्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी भिंतीवरच्या लाकडी पाटीकडे पाहिलं. पाटीवर दरवर्षीच्या विजेत्याचं नाव रंगवलेलं होतं आणि त्यात अनंताचं नाव वरचेवर येत होतं. लबाडी करणाऱ्याचं नाव पाटीवरून कायमचं पुसायचं, आधीच्या विजयांसकट, असा नियम होता. पुसायला सांगायचं काम पंचाचं.

हर्बर्टना मात्र वेगळीच गोष्ट खात होती. सकाळच्या वजनापासून आत्तापर्यंत त्यांनी त्या विमानावरून नजर हलवली नव्हती. वजन झाल्यावर ते त्यांच्यासमोरच्या टेबलावर होतं. अनंता हात मागे बांधून उभा होता. उडाल्यावर ते खाली आलं तेव्हा झेललं हर्बर्टनीच, पोटाखालचं रबर काढलं त्यांनीच आणि तराजूपर्यंत आणलंही त्यांनीच. मेण काढायला कोणाला फुरसतच मिळाली नव्हती.

म्हणजे एक तर विमान आपोआप हलकं झालं, नाहीतर हर्बर्ट मिस्किटा म्हातारे झाले.

२

हा क्लब काढला तो वनमालाबाईंच्या यजमानांनी, कोठाऱ्यांनी, गंमत म्हणून. ते ह्याच स्टुडिओत सेट उभारायचे. रविवारी शूटिंग नसलं की हा उंच फ्लोअर ओस पडायचा. दारं बंद, पंखे बंद, वाऱ्याची झुळूक नाही. बाशिंगाला वापरतात त्या भेंडाच्या काड्या, पतंगाचा कागद आणि पोटाखाली पीळ दिलेलं रबर, एवढ्यावर विमान गोल गोल फिरत छतापर्यंत जायचं आणि परत यायची घाई नसल्यासारखं उतरायचं. जास्त वेळ वर राहील तो जिंकला. खाली सगळे श्वास धरून बसायचे. जोरात चालायलाही बंदी होती.

नियम कोठाऱ्यांचेच. परदेशी बाल्सा लाकूड चालणार नाही, कारण ते ज्याचा भाऊ लंडनला त्यालाच मिळतं. रबर सगळ्यांना एकाच गुंडाळीतलं. तीन पैशांच्या नाण्यापेक्षा विमान हलकं नको. जिंकलेल्याचं वजन पुन्हा करायचं. "ज्याच्याजवळ नुसते हात आहेत, त्यालाही जिंकता आलं पाहिजे," असं ते म्हणायचे. ते गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून तराजू वनमालाबाई आणायच्या, चहाही त्याच आणायच्या, आणि पंचाला स्वतःच्या डब्यातलं पान द्यायच्या.

"निकाल लागत नसेल तर पुन्हा उडवू पुढच्या रविवारी," आता त्याच म्हणाल्या. "ह्यांच्या नियमातच आहे."

त्यावर कोणाचा आक्षेप असायचं कारण नव्हतं. फ्लोअर विकला गेला होता, तिथे सुताच्या रिळांची यंत्रं बसणार होती. पण मॅनेजर जुना माणूस होता. कोठाऱ्यांच्या नावाची ही शेवटची स्पर्धा संपेपर्यंत फ्लोअर तुमचा, एवढं त्याने कबूल केलं होतं.

"पुन्हा कशाला?" अनंता पहिल्यांदाच बोलला. "चोर ठरवायचं तर आजच ठरवा. माझी माणसं कोलीवाड्यात विचारतील, काय सांगू? आठ दिवस अर्धा चोर म्हणून फिरू?"

"मला एक आठवडा दे," हर्बर्ट म्हणाले. "पुढच्या रविवारी एक तर मी तुझं नाव पुसतो, नाहीतर सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो."

अनंताने विमान खोक्यात ठेवलं, खोका हर्बर्टच्या हातात दिला आणि मागे न बघता निघून गेला. "न्या," जाता जाता तो म्हणाला. "मला नको."

३

हर्बर्टच्या आठवड्यात खरा दिवस एकच होता, रविवार. बायको पॅट्रिशिया गेल्यावर घर मोठं झालं होतं. मुलगी कॅनडात. सोमवार ते शनिवार हर्बर्ट भाजी आणायचे, पेपर वाचायचे, आणि कोणी विचारलं तर मजेत आहे म्हणायचे. विचारणारंही फारसं कोणी नव्हतं. म्हणून चौकशीला निघताना त्यांना जरा बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांचे खोके स्टुडिओच्या मेकअप रूममधल्या कपाटात जमा व्हायचे. मग ते उघडायचे ते थेट सकाळी, तराजूसमोर. कपाटाची एक किल्ली वनमालाबाईंकडे, दुसरी दिवेवाल्या दशरथकडे. आणि त्या शनिवारी अँथनी पंख चिकटवत तिथे उशिरापर्यंत बसला होता.

अँथनी दोन घरं सोडून राहायचा. तो ओट्यावर बसून सुपारी कातरत होता.

"तू माझ्यावर संशय घेतोस, हर्बर्ट? लहानपणापासून ओळखतोस ना मला?"

"म्हणूनच विचारतो. तू त्याच्या खोक्याला हात लावलास?"

"नाय. जिंकायची खाज आहे मला, कबूल. पण हात लावून जिंकलो तर मजा काय? आणि एक सांग. मी काही केलं असतं तर सकाळीच वजन चुकलं असतं ना? सकाळी तर ते उलट जड भरलं."

हर्बर्टना आठवलं. सकाळी स्टुडिओच्या व्हरांड्यात वजन करताना अनंता पुटपुटला होता, "घरी बरोबर होतं, इथे जड कसं?" त्यावर अँथनीनेच टोमणा मारला होता, वेसाव्याची हवा खाऊन जाडं झालं म्हणून. मग अनंताने नाकाजवळचं मेण चिमटीचिमटीने काढलं होतं, नाण्याला जेमतेम तोलेल इतकं. त्यात गैर काहीच नव्हतं. सगळेच तसं करायचे. जादा वजन घेऊन कोण उडवेल?

दशरथ स्टुडिओच्या मागे बिडी ओढत बसला होता. "साहेब, माझी किल्ली माझ्या करगोट्याला. रात्री कपाट कोणी उघडलं नाही. सकाळी बाई लवकर आल्या, खोके त्यांनीच बाहेर काढून ठेवले. मी दिवे लावले ते तुमचं सगळं वजन झाल्यावर. तेही तुम्हीच ओरडलात, अंधारात विमान दिसणार कसं म्हणून."

"किती दिवे लावलेस?"

"मोठे सगळे. शेवटची स्पर्धा म्हटलं, झकास दिसू दे. खाली उभं राहवत नव्हतं एवढं तापलं होतं."

हर्बर्ट घरी आले आणि अनंताचा खोका उघडून बघत बसले. विमान ठीकठाक होतं. पंखांचा कागद चांगला ताणलेला होता. खोक्याच्या तळाला, एका कोपऱ्यात, फिकट तपकिरी डाग होता. त्यांनी तो नाकाजवळ नेला.

वास ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना.

४

नाताळची चांदणी अजून हर्बर्टच्या व्हरांड्यात टांगलेली होती. जानेवारी अर्धा सरला तरी ती उतरली नव्हती. पॅट्रिशिया असताना ती स्टूल धरायची आणि हर्बर्ट वर चढायचे. आता स्टूल धरायला कोणी नव्हतं. लावताना ते एकटेच चढले होते आणि पडता पडता वाचले होते. पुन्हा चढायची छाती होत नव्हती.

शुक्रवारी पहाटे चहाचा कप घेऊन ते चांदणीखाली बसले. दव पडलं होतं. चांदणीचा पतंगी कागद लोंबून सैल पडला होता, सुरकुत्या पडल्या होत्या. एवढ्यात खराब झाली, असं त्यांच्या मनात आलं आणि उगाचच गलबलून आलं.

दुपारी जेवून ते परत बाहेर आले तेव्हा ऊन चांदणीवर होतं. कागद टणक ताणलेला. सुरकुतीचं नाव नाही. बोटाने टिचकी मारली तर टण्ण वाजला.

हर्बर्ट तसेच उभे राहिले. रविवारी सकाळी स्टुडिओच्या व्हरांड्यात वजन करताना अनंताच्या विमानाचे पंख असेच लोंबलेले होते. आपण ते पाहिलं होतं. अनंता चिडून म्हणालाही होता की कागद नीट चिकटला नाही बहुतेक. आणि उडून आल्यावर, तापलेल्या दिव्यांखालून, तेच पंख ताठ होते.

विमान सकाळी ओलं होतं. भिजलेलं नाही, पण दमट. भेंडासारखी ओलावा पिणारी दुसरी वस्तू नाही, आणि कागदही तसाच. पाण्याचं वजन अनंताने मेणाचं समजून स्वतःच्या हाताने मेण काढलं. दिव्यांखाली पाणी उडून गेलं, आणि मेण तर आधीच गेलेलं.

पण बाकीची विमानं त्याच कपाटात होती. त्यांचे पंख लोंबले नव्हते. म्हणजे दव नव्हे. रात्रभर त्या एकाच खोक्यात कोणीतरी काहीतरी ओलं ठेवलं होतं.

त्यांनी पुन्हा खोका उघडून तो तपकिरी डाग हुंगला. ह्या वेळी वास आठवला. तो काथ होता. हर्बर्टना वाटलं, आठवला नसता तर बरं झालं असतं.

५

वनमालाबाई पार्ल्याला एका खोलीत राहायच्या. शनिवारी हर्बर्ट तिथे गेले. पंख्याच्या हुकाला कोठाऱ्यांचं जुनं विमान टांगलं होतं. म्हणून त्या पंखा कधी लावत नसत.

"बसा, मिस्किटा. पान लावू?"

"लावा. आज पानं ताजी आहेत?"

त्यांचा हात डब्यावर थांबला. पितळी डब्यात पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली होती. पांढरं फडकं, काथाने डागाळलेलं.

"रविवारी तुम्ही दिलेलं पान कडेने वाळलेलं होतं," हर्बर्ट म्हणाले. "नंतर तुम्ही म्हणालात, दशरथच्या दिव्यांनी सुकलं. पण तुम्ही मला पान दिलंत ते व्हरांड्यात, वजनाच्या आधी. दिवे लागलेच नव्हते."

त्यांनी फडक्यातली पानं बाहेर काढून ठेवली.

"पानं वाळली, कारण शनिवारची रात्र त्यांचं फडकं दुसरीकडे होतं. खोके जमा होताना तुम्ही ते आत सारलंत, आणि सकाळी लवकर येऊन काढलंत. डाग राहिला. अँथनी सुपारीशिवाय काही खात नाही, दशरथ बिडीवाला. आणि अनंताचाच खोका, कारण दुसऱ्यांदा वजन होतं ते फक्त जिंकणाऱ्याचं. कोण जिंकणार हे सगळ्यांनाच माहीत होतं."

"एवढं कळलं तर का केलं तेही कळलं असेल."

"निकाल लागला नाही तर पुन्हा उडवायचं. स्पर्धा संपेपर्यंत फ्लोअर आपला."

वनमालाबाईंनी फडकं उलगडून पुन्हा घडी घातली. "मला वाटलं, तराजूचा दोष धरतील. म्हणतील, चला, पुन्हा उडवू. मग त्याही वेळी काहीतरी निघालं असतं. अँथनी चोर म्हणेल हे डोक्यातच आलं नाही हो. आणि तो म्हणाला तेव्हा माझी जीभच उचलेना." त्या थांबल्या. "हे गेल्यापासून मी रविवारी बोलते. बाकीचे दिवस भाजीवाल्याशी, तेही भावापुरतं. रविवार गेला की मग काय?"

हर्बर्टचंही तेच होतं. गप्प बसलं तर आणखी दोन-चार रविवार सहज मिळाले असते, आणि ते त्यांना हवे होते. पण त्या रविवारांची किंमत अनंताने भरायची होती.

"उद्या पाटी पुसायचा दिवस आहे," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. मी सांगेन. तुम्ही नका सांगू."

६

रविवारी अँथनी काळा रंग आणि ब्रश घेऊनच आला होता. हर्बर्टनी निरोप धाडला होता म्हणून अनंता आला, पण दाराशीच उभा राहिला.

हर्बर्टनी आधी विमान व्हरांड्यात आकड्याला लावलं. रात्रभर ते एका ओल्या फडक्यासोबत खोक्यात होतं. पंख लोंबलेले. विमान नाण्याला बरोबर तोललं. मग ते आत नेऊन दिव्यांखाली ठेवलं. सगळ्यांनी चहा घेतला. पुन्हा आकड्याला लावलं. पंख ताठ, आणि विमान वर. दाणे मोजायची कोणाला गरज वाटली नाही.

"मेण त्याने काढलं ते सगळ्यांसमोर, नियमात बसून," हर्बर्ट म्हणाले. "विमानाचं वजन पाण्याने खोटं केलं होतं. अनंता, मी पंच असून तुझ्यावर आळ येऊ दिला. माफ कर."

"पण ओलं फडकं ठेवलं कोणी?" दशरथने विचारलं, आणि नकळत सगळे अँथनीकडे बघायला लागले. शनिवारी उशिरापर्यंत तोच तर कपाटाशी बसला होता. अँथनी एक पाऊल मागे सरला.

"अरे, मी नाय... हर्बर्ट, सांग ना."

हर्बर्टनी वनमालाबाईंकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आता ह्यांची हिंमत होणार नाही. तेवढ्यात पितळी डबा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मी ठेवलं," वनमालाबाई म्हणाल्या. त्यांनी सगळं सांगितलं, काही न वगळता, उभ्यानेच. मग तराजूची पेटी अँथनीकडे सरकवली. "लबाडी करणाऱ्याने क्लबात पाऊल ठेवायचं नाही, हाही ह्यांचाच नियम. तराजू धरणाऱ्याला तो लागू नाही असं कुठे म्हटलेलं नाही."

अनंता दारातून पुढे आला. हर्बर्टना वाटलं, आता हा ओरडणार. त्याला ओरडायचा हक्क होता.

"बाय," तो म्हणाला, "मना एक शब्द सांगाचा व्हता. आपण सगल्यांनी मिलून ही स्पर्धा संपूच दिली नसती."

वनमालाबाईंनी डोळ्याला पदर लावला. अँथनीने ब्रश खाली ठेवला. "सॉरी यार," तो अनंताला म्हणाला. "तोंड आहे माझं, सुटतं."

मग हर्बर्टना तेवढं एकच काम उरलं. ते करताना त्यांचा आवाज फाटला, पण त्यांनी ते केलं. "कोठारे चषक, अनंता वेसावकर. स्पर्धा संपली."

दशरथने एक एक करून दिवे घालवले.

७

पुढच्या रविवारी हर्बर्टना कुठे जायचं नव्हतं, तरी पाय स्टुडिओकडे वळले. फाटकाशी ट्रक उभा होता, हमाल यंत्रं उतरवत होते. लाकडी पाटी भिंतीला टेकवून बाहेर ठेवलेली होती.

रस्त्याच्या पलीकडे वनमालाबाई उभ्या होत्या. हातात पिशवी होती. त्यात आता तराजू नव्हता, नुसतीच सवयीने आणलेली. हर्बर्टना बघून त्या ओशाळल्या आणि निघायला लागल्या.

"थांबा," हर्बर्ट रस्ता ओलांडून आले. "माझ्या घरी नाताळची चांदणी अजून टांगलेली आहे. उतरवायची आहे. खाली स्टूल धरायला कोणीतरी लागतं."

"नियमाने मला..."

"स्टूल धरण्याबद्दल नियमात काही नाही. मी सगळे नियम तपासलेत."

वनमालाबाईंनी फाटकाकडे पाहिलं. हमालांनी फ्लोअरची मोठी दारं सताड उघडली होती. ज्या जागेत त्यांनी कधी वाऱ्याला येऊ दिलं नव्हतं, तिथे आता वारा खुशाल आत शिरत होता.

"चांदणी उतरवायला किती वेळ लागणार?" त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं. आणि मग?"

हर्बर्टनी त्यांच्या हातातली रिकामी पिशवी घेतली.

"मग डिसेंबरात परत लावायची," ते म्हणाले.